तोरणाच्या दोऱ्याची गाठ

प्रवीणला किळस यायची. कशाची, ते विचारू नका. कशाची येत नसे ते विचारा. दुसऱ्याच्या ताटातलं शीत हाताला लागलं, तर हा साबणाने कोपरापर्यंत हात धुणार. एसटीतली दांडी रुमालाने धरणार. टपरीवर चहाचा ग्लास स्वतः तीनदा विसळणार आणि वर टपरीवाल्याकडे असा बघणार, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपण ह्याला विषच पाजतोय. मुंबईत एका मोठ्या इमारतीत हा हाऊसकीपिंगचा सुपरवायझर. बारा मजले, छत्तीस बाथरूम, हाताखाली सोळा माणसं. स्वतः कधी फरशीला फडका लावला नाही, पण ‘हायजिन, हायजिन’ करून त्या सोळा जणांना सळो की पळो करून सोडायचा. आता असल्या माणसाच्या वाट्याला नेमकं काय यावं? बापाची मुताची पिशवी!

बाप म्हणजे हैबती सकपाळ. वय चौऱ्याहत्तर, घर कापडे गावाच्या वरच्या अंगाला वाडीत. माघ महिन्यात एका सकाळी म्हाताऱ्याची लघवी अडली ती अडलीच. दुपारपर्यंत गडी कोंबडीगत घरभर फिरत होता, बसवेना की उभं राहवेना. शेवटी जीपमध्ये घालून महाडला नेला. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट वाढलंय, ऑपरेशन लागेल. तोवर लघवीच्या जागी नळी घातली, खाली पिशवी लावली आणि तारीख दिली. “वीस मार्चला चवदार तळ्यावर माणसं येतात, गाडी शहरात शिरायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही पंचवीसला या.” म्हणजे शिमगा हैबतीला नळीसकटच काढायचा होता.

म्हाताऱ्याने ते मनाला लावून घेतलं नाही. “सरकारचा नळ चार वर्षं झाली वाडीत येतोय, अजून पोचला नाय,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. “माझा बघा, एका दिवसात जोडून दिला!” त्याच्या बायकोने, रंगूबाईने, जुन्या लुगड्याची एक खोळ शिवली होती. पिशवी त्या खोळीत घालून ती खाटेच्या खालच्या दांडीला अडकवायची आणि दिवसातून तीनदा तोटी उघडून रिकामी करायची. तिने कधी नाक मुरडलं नाही. नवऱ्याचं एकच मागणं होतं. तीस-बत्तीस वर्षं गावदेवीच्या पालखीला त्याने खांदा दिला होता. यंदा खांदा देणं शक्य नव्हतं, तर निदान फेटा बांधून आपल्या दारात ताठ बसायचं आणि पालखी अंगणात नाचताना बघायची. “तेवढं डोळ्यांनी बघतो,” तो म्हणाला, “मग काय कापायचं ते कापा.”

प्रवीण शिमग्याला एकटाच आला. बायको अंकिता पोराच्या परीक्षेमुळे मुंबईतच राहिली. घरात पाऊल टाकलं आणि त्याची नजर पहिल्यांदा खाटेखाली गेली. खोळीच्या तोंडातून पिशवीचा कोपरा दिसत होता, पिवळाजर्द, गढूळ, आत बुडबुडे. बापाच्या पाया पडायला वाकला तो श्वास रोखून, आणि आशीर्वाद पुरता व्हायच्या आत सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातली अनुपमा सिस्टर नळी बघायला आली. “घरातलं कोण बघतं? मुलगा आलाय ना? या इकडे, सगळं नीट समजून घ्या,” ती म्हणाली. प्रवीण उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही. बाहेर अंगणात उभा, तोंडाला रुमाल. “ओढायची नाही आणि कापायची तर मुळीच नाही,” सिस्टर आतून सांगत होती. “आत नळीच्या टोकाला फुगा आहे, इजा होईल.” एवढं त्याने ऐकलं. पुढे ती नळीच्या तोंडाशी साचलेला चिकटा कसा पुसायचा ते सांगू लागली, तेव्हा ह्याच्या घशाशी आलं आणि हा आंब्याखाली जाऊन मोबाईलला रेंज शोधत बसला. त्याच्या मागे सिस्टर म्हणाली होती, की नळी कुठे मुडपू देऊ नका, दाबली जाऊ देऊ नका, लघवी वाहती राहिलीच पाहिजे. ते रंगूबाईने ऐकलं, हैबतीने ऐकलं. ज्याने ऐकायला हवं होतं तो आंब्याखाली होता.

पालखीचा दिवस उजाडला. सकाळीच कोंडाजी तात्या येऊन गेले. गावकीतले सगळ्यांत जुने गृहस्थ, पालखीची वाट तेच ठरवायचे. “तीनच्या सुमाराला तुमच्याकडं येतो,” म्हणाले. “हैबती, फेटा काढून ठेव.” ते गेले आणि रंगूबाई न्हाऊन ओलेत्याने चुलीपुढे बसली. देवीचा नैवेद्य तिच्या हातचा. तो दाखवून होईपर्यंत तिला कशाची शिवाशिव चालत नसे.

“परव्या,” ती आतूनच म्हणाली, “आज मी पिशवीला हात लावायची नाय. आज तुझी पाळी.”

“आई, मला नाय जमणार ते.”

“का? बापाचंच हाय ना? का शेजाऱ्याचं?”

एक वाजता पिशवी फुगली. प्रवीणने बॅगेतून रबरी हातमोजे काढले. एकावर एक दोन जोड्या चढवल्या, तोंडाला मास्क लावला, मास्कवर सेंट मारलं. हैबती खाटेवरून ही सगळी तयारी बघत होता. प्रवीणने मान एका बाजूला वळवून डबा खाली धरला आणि तोटी उघडली. कोमट वाफ वर आली, तिचा उग्र, आंबूस दर्प सेंटाला भेदून थेट टाळूला जाऊन भिडला. शी! त्याचा हात हलला आणि धार डब्याबाहेर त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडली. ऊन ऊन. मग कसला डबा आणि कसलं काय! उरलेली पिशवी कशीबशी निपटून, तोटी जेमतेम लावून गडी परसात पळाला आणि केळीच्या बुंध्याशी सकाळची आंबोळी, चहा, सगळं ओकला. ओकून झाल्यावर बादलीभर पाण्याने पाय धुतला, पुन्हा धुतला, दगडाने घासला. मान वर केली तर खिडकीच्या गजांमागे बाप. दोघांची नजर भेटली. हैबती खिडकीतून मागे सरला.

तिथेच ह्या शहाण्याच्या डोक्यात कल्पना आली. आता दोन वाजले, तीनला पालखी. सगळं गाव अंगणात, आणि बापाच्या पायाशी ती पिवळी पिशवी लोंबणार. शिवाय मध्ये पुन्हा भरली तर पुन्हा रिकामी कोण करणार? त्यापेक्षा नळच बंद केला तर? पिशवी कोरडी राहील, घडी करून धोतरात लपवता येईल, कुणाला दिसणार नाही, वास नाही. दाराला आंब्याचं तोरण नुकतंच बांधलं होतं, त्याचा पक्का सुती दोरा उरला होता. प्रवीणने तो घेतला, बापाच्या मांडीजवळ रबरी नळी मुडपली आणि तिच्यावर दोऱ्याचे वेढे दिले. एक, दोन, पाच. वर गाठ, गाठीवर गाठ. हे सगळं हातमोज्यांनी आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी.

“आरं, सिस्टर म्हणाली व्हती…” हैबती सुरू झाला.

“बाबा, मला शिकवू नका. छत्तीस बाथरूमांचं प्लंबिंग मी बघतो. तासाभराचा तर प्रश्न हाय.”

छत्तीस बाथरूम! माणसाचा देह म्हणजे ह्याला बाराव्या मजल्यावरची टाकी वाटली. पण बापाने मान डोलवली. पोराने आपल्या अंगाला हात लावला ह्याचंच त्याला अप्रूप वाटलं असेल. त्याने धुतलेलं धोतर नेसलं, केशरी फेटा बांधला आणि पडवीत खुर्चीवर जाऊन बसला. छातीवर हात घेऊन, ताठ. खरंच देखणा दिसत होता म्हातारा.

तीन वाजले. पालखीचा पत्ता नाही. आणि ती वेळेवर आली कधी? खालच्या आवाडात, म्हणजे वाडीच्या खालच्या वस्तीत, प्रत्येक अंगणात तिला नाचवायची, प्रत्येकाचा आग्रह, प्रत्येकाचा नारळ, मध्येच कुणाचं तरी जुनं गाऱ्हाणं. ढोल वाजत होता, पण आवाज काही वर सरकत नव्हता. डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलेलं, म्हणून रंगूबाईने सकाळीच तांब्याभर ताक वेगळं काढून ठेवलं होतं. हैबतीने ते सवयीने पिऊन टाकलं.

“कुठवर आलीय बघून येतो,” म्हणत प्रवीण खाली उतरला. उतरला तो उतरलाच. भिकूच्या अंगणात पालखी होती. भिकू त्याच्या शाळेतला सोबती. त्याने ह्याला बघितला आणि ओरडला, “आला रे हैबतीचा परव्या! दे, त्याला खांदा दे!” गुलाल उडाला, खांद्यावर दांडी आली, ढोल घुमला. बापाचा खांदा तो आपला खांदा. प्रवीण नाचला. घामाने चिंब झाला, दुसऱ्यांचा घाम अंगाला लागला, कुणी उष्ट्या तांब्यातलं पाणी पाजलं तेही प्यायला, आणि खरं सांगतो, त्या दोन-अडीच तासांत त्याला कशाचीही किळस आली नाही. कशाची आठवणही आली नाही.

सहा वाजायच्या सुमाराला पालखी चढण चढून सकपाळांच्या अंगणात आली. पुढच्या दांडीला प्रवीण. पडवीत हैबती बसला होता तसाच, ताठ. पण फेट्याखाली चेहरा राखेसारखा पडलेला. कपाळावरून घामाच्या धारा, ओठ दातांत धरलेले. दोन्ही मुठींनी खुर्चीचे हात आवळलेले. पालखी समोर आली तेव्हा नमस्कार करायला त्याने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण ते सुटेनात.

“देवीला बघून भरून आलं हो म्हाताऱ्याला!” गर्दीतून कुणी बाई म्हणाली.

प्रवीणचं लक्ष खाली गेलं. पांढऱ्याशुभ्र धोतरावर मांडीपाशी ओला डाग होता आणि तो पसरत होता. दोरा! दोन वाजता बांधलेला दोरा!

खांद्यावरची पालखी मध्येच सोडायची नसते. वाडीत आजवर कुणी सोडली नव्हती. ह्याने सोडली. दांडी कलंडली, भिकूने धावून खांदा लावला म्हणून देवी सावरली. लोक ओरडले, कोंडाजी तात्यांनी “आरं, आरं!” केलं, पण प्रवीणने कुणाचं ऐकलं नाही. बापाला बगलेत धरून त्याने आतल्या खोलीत नेला, खाटेवर निजवला, धोतर सोडलं.

ओटीपोट टणक, वर फुगून आलेलं. त्यावर नुसतं बोट टेकलं तर म्हातारा गुरासारखा हंबरला. नळीच्या कडेकडेने लघवी झिरपली होती आणि सुती दोरा भिजून, आटून, रबरात रुतून बसला होता. गाठ दिसत नव्हती, लागतही नव्हती. हातमोजे उशाशीच पडले होते, प्रवीणने तिकडे बघितलंही नाही. नखं लावली, पण साहेबाची नखं कशी, दर रविवारी मुळापर्यंत कापलेली. बोटं नुसती घसरत होती. कोयता उचलला. पातं दोऱ्याऐवजी नळीवरच टेकलं. कापायची तर मुळीच नाही. कोयता खाली टाकला. फोन काढला, अनुपमा सिस्टरला लावला. रेंज नाही. बाहेर ढोल वाजतच होता.

रंगूबाई दारात आली. हातात नैवेद्याचं ताट. तिने नवऱ्याकडे बघितलं, नळीवरचा दोरा बघितला, आणि सगळं समजली. ताट तिने शेजारच्या ठकूबाईच्या हातात कोंबलं आणि खाटेपाशी येऊन बसली.

“आई, तुझं सोवळं…”

“चुलीत गेलं सोवळं! सर.”

तिने बोटं चालवली. पण सांधेदुखीने वाकडी झालेली बोटं ती, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. दोनदा गाठ चाचपली, दोनदा सुटली. मग ती प्रवीणकडे वळली.

“दातांनी सोड.”

“काय?”

“दातांनी सोड म्हणते! माझ्या तोंडात एक तरी दात असता, तर तुला विचारलं असतं का रे? तुझ्या तोंडात बत्तीस हायत. घाल तोंड!”

काय सांगू तुम्हाला? तो वाकला. मांडीपाशी तोंड नेलं. मघाचाच दर्प, पण आता शंभरपट, ऊन, आंबलेला, रबराचा वास मिसळलेला. नळीच्या अंगावर तो चिकटा, ज्याचं नुसतं नाव ऐकून हा आंब्याखाली पळाला होता. त्याला उबळ आली. तोंड बाजूला करून त्याने ओठ आवळले. खाटेवर हैबती डोळे मिटून कण्हत होता. पुन्हा वाकला. दातांत दोरा आला, सुटला. पुन्हा धरला. दोऱ्यातून पिळून खारट पाणी जिभेवर उतरलं, डोळ्यांतून पाणी आलं, घशातून ओकारी वर आली ती त्याने गिळली, हो, गिळली, कारण सोडली असती तर दोरा निसटला असता दातांतून. दाढेने दोरा कुरतडला. पहिली गाठ तुटली. दुसरी. वेढे ढिले झाले, मुडपलेली नळी ताणून सरळ झाली, आणि मागच्या जोराने पिशवीचा सांधाच निखळला. गरम धार सरळ त्याच्या हनुवटीवर, ओठांवर, गुलालाने माखलेल्या छातीवर.

त्याने तोंड फिरवलं नाही. चाचपडत सांधा पकडून पुन्हा बसवला. पिशवी भरू लागली. तांबूस, गुलाबी झाक असलेली लघवी सळसळत उतरत होती, आणि तिच्याबरोबर हैबतीच्या छातीतला श्वास खाली उतरत होता.

तोवर कुणीतरी पळत जाऊन पालखीमागच्या बायकांतून अनुपमा सिस्टरला आणलं होतं. तिने पोट चाचपलं, नाडी बघितली, पिशवी बघितली. “आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही,” ती म्हणाली. “थोडं रक्त आहे, उद्याच महाडला दाखवा. आणि हे कुणी बांधलं?” प्रवीणच्या हनुवटीला दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. सिस्टरला उत्तर मिळालं.

ती गेली. प्रवीण खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसला होता. तोंड धुवायला उठायचंही त्याला सुचलं नव्हतं.

“बाबा,” त्याने विचारलं, “चार तास! हाक का नाय मारलीत? आई घरात होती. कुणाला तरी खाली पाठवायचं, मी आलो असतो.”

हैबतीने फेटा काढून उशाशी ठेवला. “तुझ्या आईला हाक मारली असती, तर ती मला शिवली असती, सोवळं मोडलं असतं. पोटात अन्नाचा कण नाय तिच्या सकाळपासून, नैवेद्यासाठी. आणि तुला बोलावलं असतं… दुपारी तू केळीपाशी ओकत व्हतास. बघितलं मी. म्हटलं, पोराला पुन्हा कशाला ते? सणाचा दिवस. वाइच सोसू.”

प्रवीणला पुन्हा उबळ आली. तोंडातली ती खारट चव अजून गेली नव्हती, पण ही उबळ तिची नव्हती. जन्मभर त्याने नळ, डबे, ग्लास, दांड्या, माणसं, सगळ्यांची किळस केली होती. आज पहिल्यांदा त्याला स्वतःची आली, आणि हिला धुवायला बादली पुरणार नव्हती.

“पुन्हा असं केलंत तर बघा,” तो कसाबसा म्हणाला. “हाक मारायची. काय बी झालं तरी मारायची. चारचौघांत मारायची.”

“मारीन,” हैबती म्हणाला. “आधी तोंड धू, मेल्या.”

बाहेर पालखी पाटावर टेकली होती. घरधन्याचा नारळ झाल्याशिवाय ती हलत नाही, म्हणून सगळं गाव खोळंबलं होतं. नैवेद्य ठकूबाईने दाखवला. थोड्या वेळाने हैबतीला धरून पुन्हा पडवीत आणून बसवला. दुसरं धोतर, तोच फेटा. पिशवी लुगड्याच्या खोळीत, खुर्चीच्या खालच्या दांडीला. कोंडाजी तात्यांनी खोळीकडे एकदा बघितलं आणि नारळ प्रवीणच्या हातात दिला. पालखी सोडल्याचा जाब गावकी विचारणार होती, पण तो नंतर. प्रवीणने नारळ कपाळाला लावला, गुरव देवीला गाऱ्हाणं घालायला पुढे झाला. “हे आई, ह्या घरात…” ढोल थांबला, टाचणी पडली तर ऐकू यावी.

“परव्या!” त्या शांततेत हैबती खणखणीत ओरडला. “पिशवी भरली रे!”

सगळ्यांच्या माना वळल्या. बायांनी पदर तोंडाला लावले, भिकू फिसकन हसला. गुरवाचं गाऱ्हाणं अर्ध्यावर राहिलं. प्रवीणचे कान लाल झाले. त्याने खुर्चीकडे बघितलं. पिशवी निम्मीसुद्धा भरली नव्हती. बाप त्याच्याकडे टक लावून बघत होता.

“आलो, बाबा,” प्रवीण म्हणाला. नारळ कोंडाजी तात्यांच्या हातात देऊन तो पडवीत गेला, डबा घेऊन खाली बसला आणि तोटी उघडली. वास आला. उबळ आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण धार डब्यातच पडत होती, आणि ती संपेपर्यंत देवी अंगणात थांबली.